फ्लॅटमधली झाडं का मरतात आणि कोणती जगतात



मागच्या महिन्यात केंद्रावर आलेले तुमचे फोन आम्ही एका वहीत लिहून काढले. झाडांबद्दल फोन करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीची सुरुवात एकच होती: "माझ्या हाताला झाडच लागत नाही हो." एकीनं सांगितलं, चाळीतून नव्या इमारतीत राहायला येऊन तीन वर्षं झाली, तेवढ्यात पाच तुळशी आणल्या आणि पाचही वाळल्या. आता सासूबाई म्हणतात, या घरात काहीतरी बिनसलंय, त्याशिवाय का तुळस टिकत नाही? ती हसत हसतच सांगत होती, पण शेवटी शेवटी तिचा आवाज बसला.

आम्ही तिला दोनच गोष्टी विचारल्या. गॅलरी कुठल्या दिशेला? आणि ऊन किती वाजता येतं? तर गॅलरी उत्तरेला, समोर दुसरी इमारत, आणि ऊन येतच नाही. संपलं! पाच तुळशी का गेल्या, हे कळायला पंचांग लागत नाही. तुळशीला दिवसातून किमान चार-पाच तास थेट ऊन लागतं. ते नसेल तर ती आधी लांबुळकी होते, मग पानं गाळते आणि मरते. त्यात घरातल्या बाईचा दोष नाही, घराचाही नाही.

दिशेचा हा मुद्दा नीट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. आपल्याकडे वर्षातला बहुतेक काळ दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. पुण्या-मुंबईकडे मे महिन्याच्या मध्यावर तो बरोबर डोक्यावर येतो, त्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. तिथपासून जुलैच्या अखेरीपर्यंत तो किंचित उत्तरेला असतो. म्हणजे उत्तरेच्या गॅलरीत मे महिन्यात थोडं ऊन डोकावतं, बाई खूश होते, नर्सरीतून तुळस आणते. मग पावसाळ्याचे ढग येतात, आणि ते सरेपर्यंत सूर्य पुन्हा दक्षिणेला गेलेला असतो. दक्षिणेच्या खिडकीचं उलटं. तिथे मार्गशीर्ष-पौषात ऊन पार घरात येऊन बसतं आणि ऐन उन्हाळ्यात बाहेरच राहतं. पूर्वेचं ऊन कोवळं, पश्चिमेचं कडक. आपल्या घराला यातलं काय मिळालंय ते एका सुट्टीच्या दिवशी बघून ठेवा आणि मगच नर्सरीत जा.

तुळशीबद्दल आणखी एक सांगायला हवं. कुंडीतली तुळस मुळात फार वर्षं जगणारी नाहीच. दोन-तीन वर्षं टिकली तरी पुष्कळ. मंजिऱ्या येऊन बी धरलं की तिचा जोर ओसरतो, म्हणून मंजिऱ्या कोवळ्या असतानाच खुडायच्या. थोड्या मात्र पिकू द्यायच्या आणि ते बी त्याच कुंडीत भुरभुरायचं. जुनी जायच्या आत नवी उगवलेली असते. आणि ज्यांच्याकडे ऊनच नाही, त्यांनी चार घरांनी मिळून सोसायटीच्या आवारात किंवा गच्चीवर एक तुळस ठेवावी. आमच्या इमारतीत तसंच केलंय. तुळशीचं लग्नही तिथेच लागतं आणि चिरमुरे-बत्ताशांना कुणी कमी पडत नाही.

आता घरातली झाडं. आपल्याला हवी आहेत ती अशी: स्वस्त, नोकरी-धुणीभांडी सांभाळून जगणारी, आणि चार दिवस विसरलं तरी रुसून न बसणारी.

पहिलं नाव मनी प्लांटचं. चोरून आणला तरच लागतो असं म्हणतात. खरं तर तो कसाही आणा, लागतो. फक्त फांदीला पेर हवं. पान जिथून फुटतं तो जाडसर सांधा म्हणजे पेर, तिथे बारीक तपकिरी टोक दिसतं, तेच मूळ. पेराशिवाय नुसतं पान पाण्यात ठेवलं तर ते काही दिवस हिरवं राहतं, एखादं मूळही काढतं, पण वेल काही होत नाही. शेजारणीकडून दोन-तीन पेरांची फांदी मागून घ्या. खर्च शून्य.

दुसरं स्नेक प्लांट. तलवारीसारखी उभी पानं, कडेला पिवळी किनार. इंग्रजीत त्याला सासूची जीभ असंही म्हणतात; नाव ठेवणाऱ्याचं घरी काय चालू होतं देव जाणे. उन्हात राहतं, सावलीत राहतं, हिवाळ्यात तीन आठवडे पाणी दिलं नाही तरी राहतं. त्याचं पान कापून मातीत खोचलं की नवं रोप येतं, पण ते येतं साधं हिरवं. पिवळी किनार हवी असेल तर बुडाशी आलेलं पिल्लू मुळासकट वेगळं करा.

तिसरं झेडझेड प्लांट. चकचकीत जाड पानांचं, सध्या बँकांमध्ये आणि दवाखान्यांमध्ये कोपऱ्यात उभं दिसतं ते. मातीखाली त्याचे बटाट्यासारखे गड्डे असतात, पाणी तिथे साठवलेलं असतं. बाकीच्यांपेक्षा थोडं महाग पडतं आणि वाढतंही हळू. लहान रोप घ्या आणि धीर धरा.

स्पायडर प्लांटला लांब दोऱ्यांवर पिल्लं लटकतात. एक कुंडी घेतली की वर्षभरात सगळ्या मजल्याला वाटता येते. खिडकीला बऱ्यापैकी उजेड असेल तर कोरफड आणि पानओवा ठेवा. पानओव्याची भजी सगळ्यांना माहीत आहेतच. फांदी मोडा, मातीत खोचा, झालं. आमच्यातल्या एकीकडे स्वयंपाकघराच्या ग्रीलवर तेलाच्या पाच लिटरच्या डब्यात तो पाच वर्षं आहे आणि पाहुणे आले की आधी त्याच्यावर गदा येते.

एवढी पाच-सहा झाडं पुरेत. नर्सरीत फुललेला गुलाब, शेवंती बघून मन चळतं, पण ती उन्हातली मंडळी आहेत. तशीच ती हिरवीगार नेच्याची कुंडी. नेच्याला सतत दमट हवा लागते. कोकणात ठीक आहे, पण देशावर उन्हाळ्यात पंख्याखाली तिचा पाचोळा होतो.

घरात कुठे किती उजेड आहे हे डोळ्यांनी ठरवू नका. डोळे अंधाराला सरावतात आणि फसवतात. भर दुपारी, दिवे बंद करून, जिथे कुंडी ठेवायची तिथे एक पांढरा कागद धरा आणि त्यावर वीतभर उंचीवर हात धरा. सावली रेखीव पडली तर उजेड भरपूर. धूसर पडली तर मध्यम, तिथे मनी प्लांट, स्पायडर प्लांट चालतील. अगदीच पुसट असेल तर स्नेक प्लांट किंवा झेडझेड. सावली पडतच नसेल तर तिथे झाड ठेवू नका, फोटो लावा. किंवा दोन कुंड्या घ्या आणि दर पंधरा दिवसांनी खिडकीतली आत, आतली खिडकीत अशी अदलाबदल करा.

आता पाण्याकडे येऊ, कारण घरातली झाडं तहानेनं कमी आणि पाण्यानंच जास्त मरतात. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळीत ती असते. आपण रोज पाणी ओतत राहिलो की त्या पोकळ्या पाण्यानं भरून जातात, मुळं गुदमरतात, मग कुजतात. आणि कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून वरची पानं मलूल होतात. आपल्याला वाटतं, अगं बाई, तहानलंय! मग आणखी एक तांब्या. इथे झाड संपतं. म्हणून मलूल झाड दिसलं की तांब्या उचलण्याआधी मातीत बोट घाला. दोन पेरं आत जाईपर्यंत माती कोरडी असेल तरच पाणी. ओली असेल आणि तरी पानं मान टाकत असतील, तर पाणी बंद करा, कुंडी उजेडाकडे सरकवा, बुडाचं भोक बुजलंय का बघा.

पाणी द्यायचं तेव्हा मात्र खालच्या भोकातून येईपर्यंत द्यायचं. रोज अर्धी वाटी शिंपडण्यात अर्थ नाही, वरची माती भिजते आणि खालची मुळं कोरडी राहतात. बशीत साठलेलं पाणी अर्ध्या तासानं ओतून टाका. पावसाळ्यात हवाच ओलसर असते, तेव्हा स्नेक प्लांट आणि झेडझेडला पाणी महिन्यातून एखादंच. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी झाडांना घातलं तर चालतं, पण ते मिठाचं नको आणि शिळं, आंबलेलं नको. चहाची साखर घातलेली पूड कुंडीत टाकणाऱ्या मैत्रिणींनो, तुमच्याकडे मुंग्या आणि चिलटं का येतात ते आता वेगळं सांगायला नको. बिनसाखरेची, धुतलेली पूडही मूठभरच.

कुंडीसाठी खर्च करायची गरज नाही. रंगाचा डबा, तेलाचा कॅन, फुटक्या बादलीचा तळ, काहीही चालतं. तापवलेल्या खिळ्यानं बुडाला चार-पाच भोकं पाडा. तळाशी दगडांचा थर घालायची आपली जुनी सवय सोडा. त्यानं निचरा सुधारत नाही. पाणी दगडांच्या वरच्या मातीत अडून बसतं आणि मुळांना जागा मात्र कमी मिळते. भोकावर एक खापरी ठेवली की माती वाहून जात नाही, बस. माती, भिजवून फुलवलेलं कोकोपीट आणि चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत असं सारखं मिसळा. स्नेक प्लांट आणि कोरफडीसाठी त्यात वाळू किंवा विटेचा चुरा घाला. नर्सरीतून आणलेलं रोप बऱ्याचदा चिकट मातीच्या घट्ट गोळ्यात असतं. आठवडाभर ते घरात रुळू द्या, मग गोळा हलक्या हातानं सैल करून नव्या कुंडीत लावा.

आता एक कबुली. गेल्या पावसाळ्यात आमच्या इमारतीत डेंग्यूचे रुग्ण निघाले. दुसऱ्या मजल्यावरची शाळकरी मुलगी आठवडाभर दवाखान्यात होती. महापालिकेच्या आरोग्य खात्याकडून एक ताई घरोघर तपासायला आल्या. त्यांनी फ्रिजमागचा ट्रे बघितला, कूलर बघितला, आणि मग आमच्यातल्याच एकीच्या टीव्हीशेजारची काचेची बाटली उचलून उजेडाकडे धरली. मनी प्लांटच्या मुळांमध्ये अळ्या वळवळत होत्या. आणि त्याच्या आदल्याच महिन्यात आम्ही याच माइकवरून डासांवर बोललो होतो! गच्चीतले टायर, नारळाच्या करवंट्या, सगळं सांगितलं होतं. आपल्या दिवाणखान्यातली बाटली कुणाच्या डोक्यातही आली नव्हती.

डेंग्यूचा एडिस डास दिवसा चावतो आणि त्याला गटार लागत नाही, घरातलं स्वच्छ साठलेलं पाणी आवडतं. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आपल्या हवेत आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून पाणी आठवड्यातून एकदा तरी बदलायचं. पण नुसतं बदलून भागत नाही, हे त्या ताईंनी आम्हाला शिकवलं. मादी अंडी घालते ती पाण्याच्या कडेला, भांड्याच्या ओल्या भिंतीवर. ती तिथे चिकटून बसतात, कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी मिळालं की फुटतात. म्हणजे बाटली आतून ब्रशनं घासायलाच हवी, आणि मुळंही नळाखाली धरायला हवीत. अरुंद तोंडाच्या ज्या बाटलीत ब्रश जात नाही ती वापरूच नका. आम्ही त्या दिवसापासून सगळे मनी प्लांट मातीत लावले. दिसायला बाटली छान दिसते हे खरं, पण दर रविवारी ती घासणार कोण? आपणच ना? कुंड्यांखालच्या बशांचंही तेच. बशीत वाळू भरून ठेवलीत तर पाणी उघडं राहत नाही.

दुसरी काळजी रांगत्या मुलांची. मनी प्लांट, झेडझेड, सिंगोनियम, अग्लोनिमा आणि मोठ्या ठिपकेदार पानांचं डिफेनबाकिया, ही सगळी अळूच्या कुळातली. अळू कच्चा राहिला किंवा चिंच-आमसूल कमी पडलं की घसा कसा खवखवतो? ते पानातल्या सुईसारख्या बारीक स्फटिकांमुळे. या शोभेच्या झाडांतही तेच स्फटिक असतात, आणि डिफेनबाकियात जास्तच जहाल. मुलानं पान चावलं तर तोंडाची आग होते, जीभ सुजते. ओल्या फडक्यानं तोंड पुसा, चूळ भरायला लावा, गार पाणी किंवा दूध द्या, उलटी करवू नका. सूज वाढली, लाळ थांबत नसली, गिळायला किंवा श्वासाला त्रास झाला, तर लगेच डॉक्टरांकडे, आणि जाताना त्या झाडाचं पान बरोबर न्या. घरात दीड-दोन वर्षांचं मूल असेल तर ही झाडं उंचावर ठेवा आणि डिफेनबाकिया आणूच नका. स्पायडर प्लांट मात्र निर्धोक आहे. गॅलरीत कण्हेर असेल तर ती याहून फार धोक्याची, तिचं विष थेट हृदयावर काम करतं. मुलांच्या घरात तिला जागा नाही.

तिसरी काळजी ग्रीलवरच्या कुंड्यांची. भिजलेल्या मातीचं वजन आपल्या अंदाजापेक्षा पुष्कळ जास्त असतं. कठड्यावर मोकळी कुंडी कधीही ठेवू नका, वाऱ्याची एक झोत पुरते आणि खाली कुणाचं तरी डोकं असतं. कुंडी ग्रीलच्या आत, तारेनं बांधलेली हवी, आणि खाली बशी हवी. नाहीतर मातीचं पाणी खालच्या मजल्याच्या वाळत घातलेल्या चादरीवर, आणि संध्याकाळी तुमच्या दारावर बेल!

आता विकणारे काय काय सांगतात त्याबद्दल. "हे झाड घरातली हवा शुद्ध करतं" असं सांगून रोपाचे पैसे वाढवले जातात. या गोष्टीचं मूळ अमेरिकेच्या नासा संस्थेच्या १९८९ च्या अभ्यासात आहे. ते प्रयोग लहान, बंद पेट्यांमध्ये झाले होते. आपल्या घरांना दारं-खिडक्या आहेत. २०१९ मध्ये अमेरिकेतल्याच ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी असे अनेक प्रयोग एकत्र तपासले. खिडकी उघडून होतं तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला १० पासून १००० पर्यंत झाडं लागतील, असा त्यांचा हिशोब निघाला. घर आहे की जंगल! तेव्हा स्वयंपाक करताना खिडकी उघडा, पंखा लावा. स्नेक प्लांट रात्री ऑक्सिजन देतं हेही असंच अर्धवट. ते रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेतं हे खरं, पण ऑक्सिजन तयार व्हायला त्यालाही उजेड लागतो. झाड घरात असावं ते डोळ्यांना बरं वाटतं म्हणून. तेवढं कारण आम्हाला पुरतं.

आणि डोळ्यांना बरं वाटायचं तर मांडणीकडे थोडं लक्ष हवं. घरभर एकेक कुंडी विखरून ठेवली की ती नुसती अडगळ वाटते. तीन कुंड्या एकत्र, एक उंच, एक झुबकेदार, एक खाली लोंबणारी, अशी एका कोपऱ्यात ठेवून बघा. उंचीसाठी जुना पाट किंवा उलटा डबा चालतो. लोणच्याची चिनीमातीची बरणी, आजीचा पितळी डबा, कान मोडलेली किटली यांना भोक पाडू नका. झाड साध्या प्लास्टिकच्या कुंडीतच ठेवा आणि ती कुंडी आत बसवा. पाणी द्यायच्या वेळी बाहेर काढायची, निथळली की परत आत. सगळे डबे एकाच रंगात रंगवले तर तेलाचा कॅनसुद्धा विकतचा वाटतो. आम्ही गेरूनं रंगवले. पहिल्याच पाण्यात रंग वाहिला. ऑइलपेंट वापरा.

पानांना चमक यावी म्हणून खोबरेल तेल लावू नका. तेलावर धूळ बसते, आणि पानाची श्वासाची छिद्रं बुजतात. ओलं फडकं पुरेसं आहे. फडकं फिरवताना पानाच्या मागे, खोबणीत कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. कुंडी बाकीच्यांपासून लांब ठेवा, साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसानं पुसा, आठवड्यानं पुन्हा पुसा.

मे महिन्यात गावी जाताना सगळ्या कुंड्या खिडकी असलेल्या मोरीत एकत्र ठेवा, जाण्याच्या दिवशी भरपूर पाणी द्या. पंधरा दिवसांहून जास्त जाणार असाल तर मनी प्लांट आणि स्पायडर प्लांटसाठी सुती कापडाची जाड वात करा, एक टोक मातीत, दुसरं झाकण लावलेल्या बाटलीतल्या पाण्यात. झाकणाला वातीपुरतंच भोक, म्हणजे डासाला वाट नाही. स्नेक प्लांट आणि झेडझेडला तेवढंही नको.

त्या पाच तुळशीवाल्या मैत्रिणीनं उत्तरेच्या गॅलरीसाठी आमच्याकडून स्पायडर प्लांटची दोन पिल्लं आणि मनी प्लांटची फांदी नेली. तुळस आता त्यांच्या इमारतीच्या गच्चीवर आहे, आणि सकाळी पाणी घालायला सासूबाई स्वतः लिफ्टनं वर जातात, असा तिचा फोन होता. पुढच्या बुधवारी दुपारी आम्ही केंद्राच्या दारात मनी प्लांट, पानओवा आणि स्पायडर प्लांटची रोपं वाटणार आहोत. येताना जुना डबा आणा, भोक पाडून. बाटल्या आणू नका.